मौजे कुरील, तालुका उमरेड

आमच्या शेजारच्या धकातेकाकांनी एकदा रशियाविरुद्ध जमीन मोजणीचा अर्ज भरला. थट्टा नाही करत. खरा छापील फॉर्म, निळी शाई, ठसठशीत अक्षर. अर्जदार जपान. सामनेवाला रशिया. मौजे कुरील, एकूण बेटं चार. मोजणीचं कारण: हद्दीबाबत वाद. लगतचा खातेदार म्हणून चीन, आणि त्यापुढे शेरा: "सदर इसम भरवशाचा नाही. मोजणीच्या वेळी लक्ष ठेवावे." अर्ज कुठे पाठवला नाही, एवढी अक्कल त्यांना आहे. फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय, लग्नाच्या फोटोच्या बरोबर वर. मंदाकाकू म्हणतात, लग्नाचा फोटो राहू दिला हेच नशीब.

प्रताप नगरात आमची दारं समोरासमोर आहेत. काका मोजणी खात्यातून रिटायर झाले. उभी नोकरी साखळी ओढत लोकांच्या शेतांचे धुरे मोजण्यात गेली. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आमच्या विदर्भात त्या हातभर रुंदीच्या मातीवरून जेवढी डोकी फुटली असतील, तेवढी दुसऱ्या कशावरून फुटली नसतील. साहजिकच काकांना जगातलं कुठलंही भांडण धुऱ्याचंच दिसतं. "पयले मोज, मंग बोल," हे त्यांचं ब्रीदवाक्य. भाजीवाल्यापासून रशियापर्यंत सगळ्यांना तेच लागू.

मी शाळेत शिकवते. सकाळी सातला एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात चाव्या घेऊन मी दार ओढते, आणि काका पेपर घेऊन जिन्यात उभेच असतात.

"वाचलं काय वं सुनंदा? रशिया अन् चीनची जहाजं पुन्हा जोडीनं जपानच्या समोरून फिरून राहिली."

"काका, माझी प्रार्थना चुकेल."

"दोन मिनिटं आयकून घे. हे कसं हाय, गावातले दोन दांडगे एका बुलेटवर बसतेत अन् तिसऱ्याच्या दारासमोरून फेऱ्या मारतेत. काही बोलत नाहीत. फक्त हॉर्न. आता तिसरा काय करन? तो कुंपणाले करंट लावते. मंग हे दोघं बोंबलतेत, पाहा पाहा, करंट लावला."

खरं सांगते, टीव्हीवर टाय लावून बसणाऱ्या चौघांनी मिळून मला जे कधी समजावलं नाही, ते या माणसानं बनियनवर उभं राहून समजावलं. अमेरिका म्हणजे जपाननं शहरातून केलेला वकील. "वकील मधात आला की तडजोड लांबते, लिहून ठेव." चीन आणि जपानचा वाद ज्या खडकांवरून आहे, तिथे माणूससुद्धा राहत नाही. "म्हणूनच भांडण मोठं. पडीक जमिनीवरच जीव जास्त अडकते." आणि रशिया-जपानचं तर काकांना फारच लागायचं. महायुद्ध संपून जमाना झाला, लढणारे मेले, त्यांची पोरं म्हातारी झाली, पण त्या चार बेटांपायी दोघांमधे तहाच्या कागदावर अजून सही नाही.

"म्हणजे कागदोपत्री भांडण चालूच हाय ना वं," ते म्हणायचे, आणि पेपराची घडी घालत आत जायचे.

हे ऐकलं की आतून काकूंचा आवाज यायचा, "स्वतःचं सांगा ना तिले. साऱ्या दुनियेचे धुरे मोजता, अन् सख्ख्या भावाशी अकरा वर्षं झाली, बोलत नाही."

काकूंनी मला ती सगळी कहाणी एकदा पापड लाटता लाटता सांगितली. धकाते मूळचे उमरेडचे. वडील मागावर लुगडी विणायचे. माग बंद पडले, तेव्हा जमवलेल्या पैशातून त्यांनी गावाबाहेर थोडं शेत घेतलं. वडिलांमागे दोघा भावांची वाटणी झाली. थोरले दादा शेतातच घर बांधून राहिले आणि काकांनी आपला वाटा ठेक्यानं दिला. एकदा दादा धुरा नांगरताना दोन हात काकांच्या बाजूला सरकले. मुद्दाम नसेल, बैलं ओढत नेतात. दुसरा कोणी असता तर चहा पिता पिता बोलला असता. काकांनी काय करावं? रीतसर मोजणीचा अर्ज टाकला. सख्ख्या भावाच्या दारात नोटीस गेली, पंच आले, साखळी पडली. काका तसूभरही चुकले नव्हते. दोन हात त्यांचेच निघाले.

दादांनी हद्दीचा दगड निमूटपणे रोवू दिला आणि मग एवढंच म्हणाले, "तुहे दोन हात घेतले ना? आता या धुऱ्याच्या इकडे पाय ठेवू नको."

"आईनं लावलेला कडुनिंब दादाच्या बाजूनं राहिला," काकू म्हणाल्या. "आईची राख त्याच झाडाखाली टाकली हाय. हा मानूस दरसाली आईच्या तिथीले जाते, आपल्या बाजूनं दगडापाशी उभा राहते, हात जोडते अन् वापस येते. झाड वीस पावलांवर. पण जात नाही. हद्द कायम झाली म्हणते." सरळ नाकासमोर चालणारी माणसं घरच्यांना किती छळतात, ते त्या दिवशी मला कळलं.

मला मोठा राग आला. म्हटलं, एवढा शहाणा माणूस, चार शब्द बोलायला काय जातं? दुसऱ्या दिवशी जिन्यात बोलायचं ठरवूनच निघाले. पण त्या दिवशी काका नेहमीसारखे सुरू झाले नाहीत. पेपर पुढे करून म्हणाले, "हे वाच."

बातमी त्या बेटांचीच होती. तिथून हाकललेली जपानी माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांच्या आईबापांच्या कबरी बेटांवर राहिल्या. पूर्वी रशिया त्यांना बिनव्हिशाचं जाऊ द्यायचा, कबरी झाडून फुलं वाहून यायची परवानगी होती. आता संबंध बिघडले आणि तेही बंद झालं. म्हणून ही म्हातारी माणसं जहाजात बसून समुद्रात जातात, लांबूनच बेटाकडे तोंड करून हात जोडतात आणि परततात.

"पाह्य," काका म्हणाले, "मोजणी बरोबर असन, नसन. मायची कबर कोणत्या नकाशात येते?" पेपराची घडी न घालताच ते आत गेले. मी शाळेचं राहू दिलं आणि त्यांच्या घरी जाऊन चहा केला.

माघात तिथी आली. मागच्या वर्षी हर्नियाच्या ऑपरेशनमुळे काकांचं जाणं हुकलं होतं आणि यंदा डॉक्टरांनी स्कूटरला मनाई केलेली. बसनं जातो म्हणाले. मी म्हटलं, गप्प बसा, रविवार आहे, मी नेते. काकूंचे गुडघे धरले होते, त्या घरीच राहिल्या. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दादाची तब्येत बरी नाही म्हणतेत गावातले. या साली हा नाही बोलला, तर मंग राहूनच जाईन. तू काही कर बाई."

मी काय करणार होते? उमरेड रोडभर मी भाषण दिलं. काका खिडकीबाहेर पाहत होते. एरवी चीनवर तासभर बोलणारा माणूस, पण पूर्ण रस्त्यात एकदाच बोलला. "बोलाले काही नाही वं. पण सुरुवात कोणत्या शब्दानं करू?"

शेताशी पोचलो तेव्हा दहा वाजले होते. हरभरा घाट्यांवर आला होता. मी गाडी कडेला लावली आणि काच खाली करून बसले. काका टोपी नीट करत दगडापर्यंत गेले, चप्पल काढली आणि पलीकडच्या निंबाकडे तोंड करून हात जोडले. 

तेवढ्यात त्या निंबामागून कोणी तरी उठलं. काठी टेकत, अगदी सावकाश, एक वाळलेले म्हातारे गृहस्थ दगडापर्यंत आले. नाक थेट काकांचं. दोघं समोरासमोर, मधे तो दगड.

"मागच्या साली काहून नाही आला गा?" दादांनी विचारलं.

काका गडबडले. साहेबानं हजेरी घ्यावी तसे ताठ झाले. "हर्नियाचं ऑपरेशन होतं, दादा."

"मंग सांगाचं नाही?"

"कसं सांगू? आपलं बोलणं बंद हाय ना."

दादांना हे पटलेलं दिसलं. त्यांनी मान हलवली. मग काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "मी संध्याकाळपावतर बसून होतो अठी. तुही वहिनी म्हणे, देवाघरी गेला असन. मी म्हटलं, मले कळवल्याबिगर जात नाही तो."

काका रडले. रस्त्यावरून मला ऐकू येईल इतकं रडले. दादांनी त्यांना उगी केलं नाही, पाठीवर हात ठेवला आणि तसंच चालवत निंबाखाली नेलं. दगड ओलांडताना दोघांपैकी एकाचंही खाली लक्ष नव्हतं. काकांची चप्पल इकडेच राहिली. झाडाखाली दोघं वाकले, मग खाली बसले, मग घरातून वहिनी कपबशा घेऊन आल्या.

मी दीड तास त्या गाडीत बसले होते. उमरेडकडच्या घरी दारात आलेलं माणूस चहाशिवाय परत जात नाही, अनोळखी असलं तरी नाही. त्या दिवशी मला चहाला बोलवायचं तिघंही साफ विसरले, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की मी लगेच काकूंना फोन लावला.