कोंडुरकर आप्पांचा हत्ती

कोंडुरकर आप्पा समोर दिसणारी वस्तूसुद्धा सांगत. पडद्यावर भिंतीएवढं ताडाचं झाड उभं असलं, तरी वेताची काठी त्यावर टकटक वाजवून म्हणत, "हे झाड. ताडाचं. उजवीकडे कललेलं. खाली एक माणूस. माणसाला छत्री. छत्री काळी."

"आप्पा, दिसतंय आम्हाला!" पहिल्या रांगेतून बाळा परब ओरडे.

"दिसतंय. पण बघितलंस काय?" आप्पांचं उत्तर ठरलेलं.

आप्पा गिरगावात राहत आणि रे रोडला लाकडाच्या वखारीत कारकुनी करत. फावल्या वेळात मंडळामंडळांतून मॅजिक लँटर्नच्या दिव्यातून काचांवरची चित्रं पडद्यावर पाडून व्याख्यानं देत. पडदा म्हणजे त्यांचंच एक धुवट धोतर. आमच्या लालबागच्या मंडळाचा मी चिटणीस होतो. चाळीतून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि कॉलेजात जाणाऱ्याला बोलता येतं असा वडीलधाऱ्यांचा समज होता. खरं तर नुसते आभार मानायचे म्हटलं तरी मला घाम फुटे.

विषय कोणताही असो, आप्पांची पहिली काच नकाशाची. "मधमाशी कळायची तर आधी आपण कुठे आहोत ते कळायला हवं." मधमाशीच्या दिवशी नेमकी ती काच उलटी बसली आणि मुंबई पूर्व किनाऱ्याला गेली. ते दिवस असे होते, की मुंबई नकाशात बोटभर हलली तरी माणसं रस्त्यावर येत.

"मुंबई कुठे नेली?" बाळा उभाच राहिला. "आम्ही मोर्च्यात घसे फोडतोय, आणि तुम्ही तिला कलकत्त्याच्या शेजारी नेऊन बसवता?"

"काच उलटली रे, मुंबई नाही!"

पण तोवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' सुरू झालं होतं. मधमाशी राहूनच गेली.

आप्पांबरोबर त्यांच्या पत्नी, माई, नेहमी येत. बायकांच्या बाजूला अगदी मागे, भिंतीला टेकून बसत. जिना चढताना आप्पा त्यांचं मनगट धरून म्हणत, "पायरी. अजून एक. आता उंबरा."

"जिन्याचंही व्याख्यान!" बाळा म्हणे, आणि आम्ही हसत असू. माईही हसत.

पुढे पुढे बाकीच्या मंडळांनी आप्पांना बोलावणं सोडलं. जाहीर सभांच्या त्या दिवसांत मधमाश्यांना कोण विचारतो? उरलो आम्ही. वर्धापनदिनासाठी आप्पांनी 'सागवान: जंगलातून वखारीत' हा विषय दिला, तेव्हा बाळानं मला बजावलं, "आठ वाजता इथेच सभा आहे. चित्र दाखवायचं, नाव सांगायचं, पुढे जायचं. वर्णन नको. रेंगाळले तर हे शेवटचं. तू सांग त्यांना. तू शिकलेला."

मी वखारीत गेलो. आप्पा एका ओंडक्यावर बसून डबा खात होते. मी सुरुवात करायला इतका वेळ घेतला, की त्यांना वाटलं माझ्या घरी काही झालं.

"आप्पा, म्हणजे... चित्र तर लोकांना दिसतंच ना... तर ते वर्णन जरा..."

"कमी करू?"

"नकोच म्हणतात."

त्यांनी डब्याचं झाकण सावकाश लावलं. "हत्ती आहे रे त्यात. ओंडका ओढणारा. मी घरी कबूल केलंय."

"हत्ती दाखवा ना! फक्त सांगू नका."

त्यांनी डबा फडक्यात बांधला. मग हसले. "बरं. बंद पडण्यापेक्षा बरं."

त्या संध्याकाळी काचा भराभर सरकल्या. "जंगल." "साग." "कुऱ्हाड." नकाशासुद्धा नाही. बाळा खूश होऊन घड्याळ बघत होता. पुढची काच आली, आणि धोतराच्या या काठापासून त्या काठापर्यंत हत्ती उभा राहिला. आप्पांनी काठी उचलली, आणि न वाजवताच खाली ठेवली.

अंधारात मागून माईंचा आवाज आला, "अहो, हत्ती आला काय?"

सगळे खो खो हसले. "माई, त्याच्या सोंडेखालीच बसलोय आपण!" कुणीतरी म्हणालं.

"तसं नव्हे हो," माई संकोचून म्हणाल्या. "मला हल्ली उजेड तेवढा कळतो. हे सांगतात, तेव्हा दिसतं."

हसू जिथल्या तिथे थांबलं. मला आप्पांकडे बघवेना.

बाळा परबानं घसा खाकरला. "आप्पा, जरा नीट सांगा. इथनं काही दिसत नाही." तो हत्तीपासून हातभर अंतरावर बसला होता.

"आठला सभा आहे ना?"

"सभा कुठे पळून जात नाही. सांगा तुम्ही."

आप्पांनी काठी उचलली. टक. "हत्ती. तोंड डावीकडे. रंग राखेसारखा. सोंडेत साखळी, साखळीला ओंडका."

"कान केवढे?" माईंनी विचारलं.

"सुपाएवढे."

"सुपाएवढे कुठले!" बाळा उठून थेट पडद्यापाशी गेला. हत्तीवर त्याची सावली पडली. दोन्ही हात पसरून त्यानं कान मापला. "मोठे आहेत, माई! चांगले घोंगडीएवढे!"

"हां," आप्पा म्हणाले. "आता बघितलंस."