सोमवारची यादी

आमच्या भुकूमच्या सोसायटीत दूधवाल्यालाही ताठ उभं राहून दूध द्यावं लागे. पोक काढून आला की तिसऱ्या मजल्यावरचे आर्काडी ओरडत, "मान वर! पुन्हा प्रवेश!" आणि दार लावून घेत. बिचारा मुकाट्यानं दोन पायऱ्या उतरे आणि छाती काढून पुन्हा वर येई.

आर्काडी रशियात एका मोठ्या नाट्यगृहात बॅले बसवत. पुढे वीस वर्षं तिथले कलासंचालक. नव्या मंडळींनी घरी बसवलं, तेव्हा मराठी बायकोबरोबर, सुमनताईंबरोबर, इकडे आले. ताई गेल्या आणि त्यांनी क्लबहाउसमध्ये मुलींचा वर्ग काढला. सोसायटीतल्या सात, आणि पलीकडच्या माळावरची तानी.

"म्हातारा लई कडक हाय," शेळ्या हाकता हाकता तानीची आई म्हणाली, "पर पोरगी आता शेळ्यांमागंबी राणीवानी चालतीया."

दर सोमवारी आर्काडी सूचनाफलकावर रशियनमध्ये लिहिलेला कागद लावत आणि मुलींना हळू आवाजात मराठीतून समजावत; मी लांबून, ऑफिसच्या दारातून बघे. शेवटच्या ओळीखाली लाल रेघ. ती ओळ आली की मुली माझ्याकडे बघून खुदखुदत. मी सोसायटीचा सेक्रेटरी; जिन्यात भेटले की आर्काडी मला म्हणत, "सेक्रेटरी, सोमवारी या. तुमची खुर्ची ठेवलीय."

मला खात्रीच होती, ही माझ्याविरुद्धची तक्रार. खुर्चीत बसवून चारचौघांत झापायचा बेत. मी कागद काढून खिशात घालायचो. शेवटी फरशी खराब होते म्हणून क्लबहाउसच्या हॉलला कुलूप लावलं आणि सभेत सांगितलं, "त्यांनीच वर्ग सोडला." आर्काडी समोरच बसले होते. मराठी त्यांना सगळं कळायचं. त्यांची पाठ वाकलेली मी त्या दिवशी प्रथम पाहिली. महिन्याभरात ते सोसायटी सोडून गेले. कुठे, कुणालाच ठाऊक नाही.

वर्ग त्यांनी सोडला नव्हता. मी बंद पाडला. सभेच्या वहीत नाही, निदान इथे तरी हे राहू दे.

परवा जुन्या कोटाच्या खिशात त्यातला एक कागद सापडला. सुट्टीला आलेल्या सुनेनं त्यावर मोबाइल धरला आणि मराठीत वाचलं. ती भूमिकांची यादी होती. राजकन्या, तानी. शेवटची ओळ वाचून सुनेनं मोबाइल माझ्या हातात दिला:

"राजा, सेक्रेटरी. गुडघे दुखतात. बायको गेल्यापासून एकटे असतात. नाचायचं नाही, फक्त बसायचं. ते आल्याशिवाय सुरुवात नाही."

आता दर सोमवारी मी हॉल उघडतो. खुर्चीत बसतो, पाठ सरळ. तानी शेळ्या घेऊन खिडकीखालून जाते. अजून ताठ चालते. आत बघत नाही.