बखर झुंबरबाईंच्या अवैद्य धंद्याची

श्री धन्वंतरी प्रसन्न. श्री सत्यप्रतदेवी प्रसन्न, जिचे शिक्क्यावांचून धन्वंतरीचेही पान हलत नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, धनी यांचे सेवेसी विनंती ऐसी जे, आपण पुसिले, "हातभट्टीवरील पोर वैद्यगडावर चढली कैसी? खरेंखुरें लिहोन पाठवणे." त्यास आज्ञेप्रमाणे लिहितो. बखर म्हटली की फोडणी आलीच. परंतु फोडणी आमची, डाळ खरी.

एक राज्य होते. त्याचे नाव लिहिले तर दावा लागेल, म्हणोन लिहीत नाही. त्या राज्यात वैद्यगड नामे बुलंद किल्ला, आणि वर चढावयास वाट एकच, तिचे नाव नीट. वाट नावाची नीट आणि चालीची वाकडी. दरसाल लक्षावधी पोरे चढाईस जात आणि बहुतेक पायथ्याशीच कामास येत. आयाबाया पुसत, "नीट दिली का?" पोर म्हणे, "नीटच दिली." "मग नीट गेली का?" "नीट नीट नाही गेली." ऐसा घरोघर घोळ. आणि त्या राज्यात दुसरी खोड ऐसी जे, 'अवैध' हा शब्द कोणास धड लिहिता येत नसे. बेकायदा म्हणावयाचे तर कोतवालीचे फळ्यावर 'अवैद्य वाळू', वर्तमानपत्रात 'अवैद्य बांधकाम', चौकाचौकात 'अवैद्य पार्किंग'. बिचारे वैद्य काही न करता रोज बदनाम होत, आणि कोणास त्याचे सोयरसुतक नव्हते.

त्या राज्याचे एके खेडियात राजमान्य राजेश्री हरबामामा, सरलष्कर हातभट्टी, नांदत होते. त्यांची भाची झुंबर, बाप लहानपणीच वारला म्हणोन आईसह मामाचेच पदरी. पोर हुशार, परंतु अभ्यासात लक्ष म्हणाल तर नाव नको. दहावीस बेचाळीस टक्के पडले, तेव्हा मामांनी पेढे वाटले, कारण त्यांचे घराण्यात तेवढेही कोणास पडले नव्हते. मग शाळा सुटली, आणि मामांनी बाईंस एक खटारा मोपेड बहाल केली, आणि रबरी ट्यूबांत दारू भरोन पंचक्रोशीत पोचती करावयाची मोहीम सोपविली. बाईंनी सव्वा वर्ष ऐसी स्वारी केली की कोतवालाची जीप धुरळा खात राही. वय पंधरा, अंगात रग, पाठीशी मामा. मग काय विचारता! पोरीस पाप वाटले नाही. मज्जा वाटली. हे लिहिणे भाग आहे, नाहीतर बखर कशास म्हणावे?

पुढे एके दिवशी मामांनी माल लौकर कडक व्हावा म्हणोन त्यात भलतेच रसायन घातले. ती ट्यूब झुंबरबाईंनी शेजारचे आप्पा सुतार यांचे घरी पोचविली. आप्पा म्हणजे ज्यांनी तिला लहानपणी लाकडाची गाडी करोन दिली होती ते. दुसरे दिवशी आप्पा उठले आणि म्हणाले, "दिवा लावा की गं कुणीतरी," आणि बाहेर ऊन टळटळीत पडले होते. मग आप्पांस शहरी इस्पितळात नेले, आणि झुंबर अकरा दिवस त्यांचे खाटेशी बसोन राहिली. तेथे एक तरुण वैद्यीण होती, जिभेने तिखट. पोर रडू लागली तेव्हा ती खेकसली, "रडून त्यांचे डोळे परत येणारेत का? धर ही बाटली, उंच धर, आणि थेंब मोज." झुंबरने बाटली धरली आणि थेंब मोजले, आणि आयुष्यात प्रथमच आपले हातून कोणाचे बरे होते आहे ऐसे वाटले. मग सातवे दिवशी आप्पांनी हात चाचपडोन तिचा हात धरिला आणि पुसिले, "पोरी, ती ट्यूब तूच आणली होतीस का गं?" आणि झुंबर म्हणाली, "नाही."

त्या एका 'नाही'चा काटा असा रुतला की पुढे काही केल्या निघेना.

बारावे दिवशी कोतवाल आले, तिला खाटेपासोन उठविले, पंचनामा केला: 'अवैद्य दारू वाहतूक.' मामांस दीड वर्षाचा मुक्काम पडला. झुंबर अल्पवयी म्हणोन निरीक्षणगृही नऊ महिने राहिली. तेथील कपाटात एक फाटके जीवशास्त्राचे पुस्तक होते, ते तिने इतके वेळा वाचिले की पाने तोंडपाठ आणि पुट्ठा गायब. सुटोन येताच अकरावीस बसली. बारावीस जीवशास्त्रात शहाण्णव, रसायनात एकाहत्तर, आणि भौतिकात काठावर पस्तीस. पहिली नीट नीट गेली नाही. दुसरी नीट मात्र नीट गेली, आणि यादीत शेवटून चौथे का होईना, नाव लागले. आईने देवास नारळ फोडिला. मामा एव्हाना सुटोन कोंबड्या पाळू लागले होते. त्यांनी एक कोंबडी फोडिली.

आता खरी लढाई कागदांची. श्रावण वद्य पंचमी, शनिवार, पडताळणीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी पाचाचे आत कागद पास न जाहले तर जागा खालच्या नंबरास जाणार. बाई मामांस घेवोन गडाचे पायथ्याशी आल्या. तेथे झेरॉक्सवाल्यांची छावणी पडली होती, आणि जो तो छातीशी फाइल धरोन धावत होता. तितक्यात कळले जे, शाळा सुटल्याची जी दोन वर्षे कोरी आहेत, त्यांचे प्रतिज्ञापत्र पाहिजे, त्यास 'गॅपचा कागद' म्हणतात. मग दोघे झाडाखाली बसलेले विसुभाऊ टंकनवीस यांजकडे गेले. या गृहस्थांनी तीस वर्षे लोकांच्या शपथा टंकिल्या, आणि त्यांत एक खरी निघाली असेल तर शपथ!

विसुभाऊ वर न पाहता टंकू लागले. "सदर काळात अर्जदार घरी आजारी होती. करा सही."

"मी आजारी नव्हते," झुंबर म्हणाली.

"अहो बाई, ह्या राज्यात गॅप पडला की माणूस आजारीच असतो. परवा एक पैलवान आजारी करून पाठवला मी. पास झाला."

"खरं लिहा. अवैध दारूच्या धंद्यात होते."

हे ऐकताच मामांचे हातची लिंबूसरबताची बाटली निसटली. "अगं ए येडे! तुझ्या अल्पवयाच्या गुन्ह्याचं दप्तर सरकारनंच बांधून ठेवलंय. वकीलसाहेब काय म्हणले? कुणाची विचारायची टाप नाही! आणि तू भर बाजारात गाठ सोडतीस व्हय?"

"मामा, मी एकदा खोटं बोललीये. मला पुन्हा नाही बोलायचं."

मामा नुसते खाली बसले, कारण ते खोटे ती कोणाशी बोलली हे मामांस ठाऊक होते, आणि त्या रसायनाचे बुधले कोणी ओतले हेही.

विसुभाऊ मात्र वैतागले. "लिहितो बाई, लिहितो. पण श्रावणातला शनिवार आहे, माझा मारुतीचा उपास. 'दारू' हा शब्द माझ्या यंत्रातून आज निघायचा नाही. आणि फॉर्मात जागा एकच ओळ." ऐसे म्हणोन त्यांनी खडखड करोन टंकिले: 'सदर काळात अर्जदार अवैद्य धंद्यात होती.' आणि खाली तिथी टंकिली: 'श्रावण वैद्य पंचमी.' बाईंनी घाईत सही ठोकली, आणि दोघे धावत गडावर गेले.

वर पडताळणीचे मेजावर नाना कारकून बसले होते. नाना म्हणजे ऐसा मनुष्य की फोटोत कान दिसला नाही तर माणूस परत पाठवी, आणि कागदावरचे अक्षर जसेच्या तसे वाची. त्यांनी एकेक कागद उन्हाशी धरिला, सत्यप्रतीचे शिक्के चाटावयाचे तेवढे बाकी ठेविले, आणि मग गॅपचा कागद वाचिला.

"अवैद्य धंद्यात," नाना म्हणाले. "अवैद्य म्हणजे वैद्यकी सोडून दुसऱ्या. बरोबर? कसला धंदा होता?"

झुंबरबाईंनी कागदाकडे पाहिले, आणि तेव्हा कोठे त्यांचे ध्यानात आले जे 'ध'चे जागी 'द्य' बसला आहे. आजवर ध चा मा जाहला तो माणूस मारावयास. येथे ध चा द्य जाहला आणि गुन्हेगार एका अक्षरात व्यापारी जाहली! त्या तोंड उघडणार, तों दारातून मामा गरजले, "रसवंती! रसवंतीगृह होतं साहेब, उसाचं!"

"वा!" नाना म्हणाले. "कष्टाची पोर दिसते." आणि समासात 'रसवंती' लिहोन, बरोबरची खूण करोन फाइल पुढे सरकविली. मामांनी दारात मारुतीस हात जोडिले. तोच मारुती, ज्याचे उपासामुळे दारू टंकिली गेली नव्हती. देवाची करणी अशी असते, दुसरे काय?

आता राहिली फक्त सही. आत सरवैद्य इंदुताई वाकणकर, गडाच्या मुख्य, चष्मा नाकाचे शेंड्यावर ठेवोन बसल्या होत्या. त्यांनी गुणपत्रक पाहिले आणि भुवया वर गेल्या. "पस्तीस, एकाहत्तर, शहाण्णव. हे गुण आहेत की हृदयाचा आलेख?" नाना हसले, कारण हसणे त्यांचे नोकरीत बसत होते. मग सरवैद्यांनी पुसिले, "दहावीला बेचाळीस. मग दोन वर्षं रसवंती. आणि मग एकदम जीवशास्त्रात शहाण्णव. बाळ, चरक फिरवता फिरवता डॉक्टर व्हावंसं कसं गं वाटलं तुला?"

काय सोपा सवाल! 'लहानपणापासून सेवेची आवड' एवढे म्हणावे आणि सही घ्यावी. बाहेरच्या रांगेत शंभर जण हेच पाठ करीत होते. घड्याळात पाचास दहा कमी. मामा दारात डोळ्यांनी विनवीत होते. परंतु झुंबरबाईंस आप्पांचा हात आठवला, चाचपडणारा, आणि त्यांचे ध्यानात आले जे ही रसवंती एकदा पोटात घातली तर डॉक्टर का व्हायचे हेच सांगता येणार नाही, आज नाही आणि कधीच नाही.

"बाई," त्या म्हणाल्या, "त्या कागदात 'द्य' चुकलाय. तिथं 'ध' पाहिजे."

मग झुंबरबाईंनी सर्व सांगितले: मोपेड, ट्यूब, आप्पांचे डोळे, थेंब, निरीक्षणगृह, काहीही न गाळता, आणि सांगताना रडू आले ते पुसले नाही.

नाना ताडकन उठले. "खोटं प्रतिज्ञापत्र! अर्ज रद्द करा बाईसाहेब. खालचा नंबर बाहेरच उभा आहे."

"खोटं कुठंय?" सरवैद्य म्हणाल्या. "तिनं खरंच लिहिलं होतं. चुकीचं आपण वाचलं." मग झुंबरकडे वळोन म्हणाल्या, "तुझं तेव्हाचं दप्तर उघडायचा मला अधिकार नाही. हे न सांगता तुझं काम होत होतं. ठाऊक होतं?"

"होतं."

"मग का सांगितलंस?"

"आप्पांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. त्यांना मी दिसत पण नव्हते बाई. तरी माझ्याच्यानं त्यांच्याकडं बघवलं नाही."

सरवैद्यांनी चष्मा काढिला, पुसिला, पुन्हा लाविला. बराच वेळ पुसिला, असे नाना नंतर चहाचे टपरीवर सांगत. आणि मग म्हणाल्या, "नाना, लिहा. अर्ज वैध."

नानांस संताप जाहला होता, आणि त्यात ते त्याच राज्याचे रहिवासी. त्यांनी लाल शाईने लिहिले ते ऐसे: 'अर्जदार वैद्य.' आणि वर शिक्का दणकन मारिला.

सरवैद्यांनी ते वाचिले. दुरुस्तीस लेखणी उचलली, थोडी थांबविली, आणि खाली ठेविली. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "आज चूक आहे. साडेपाच वर्षांनी बरोबर होईल." आणि सही केली. घड्याळात पाचास दोन मिनिटे होती. मामा दारातच मटकन बसले, आणि गडाचे शिपायास वाटले यांस झटका आला, म्हणोन तीन वैद्य धावले.

मग झुंबरबाई घरी न जाता थेट आप्पा सुतारांचे ओटीवर गेल्या. आप्पा हाताने चाचपडोन पाटास पॉलिश करीत होते. बाई उभ्यानेच म्हणाल्या, "आप्पा, ती ट्यूब मीच आणली होती."

"ठावं हाय," आप्पा म्हणाले, हात न थांबविता. "तुझ्या त्या खटाऱ्याचा आवाज गावात दुसऱ्या कुणाचा व्हता? वाट बघत व्हतो, कवा सांगतीस."

झुंबर पायांशी बसली आणि पोटभर रडली. आप्पांनी रडू दिले. मग म्हणाले, "डॉक्टरीण व्हणार म्हणं. मंग माझ्या डोळ्यांचं काय, ते सांग आता."

झुंबरने आप्पांचा हात धरिला. "आप्पा, ते परत यायचे नाहीत."

"हां," आप्पा म्हणाले, आणि पाट बाजूस ठेविला. "चार वर्सं झाली, जो येतो तो म्हणतो 'बघू'. आंधळ्याला 'बघू'! तू पयली भेटलीस खरं सांगणारी."

तात्पर्य थोडक्यात ऐसे. गड चढावयास गुण लागतात, ते बाईंचे वरखाली होते. चालचलन लागते, ते फारसे सांगण्याजोगे नव्हते. एक सत्य होते, तेही टंकनविसाने बिघडविले, आणि बाईंनी तें स्वहस्ते दुरुस्त केले. मामांच्या कोंबड्या खुशाल आहेत. या बखरीत ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ निघतील, त्या धन्यांनी खुशाल सुधाराव्या. फक्त गडाचे दप्तरी लाल शाईची जी एक आहे, तीस कोणी हात लावू नये.