आत्मारामचं भूत आणि गावाचं मत

"भूत मी आणलंय. घाबरायचं तेवढं तुम्ही!"

शनिवारी संध्याकाळी हर्ण्याच्या बंदरावर, मासळीचा लिलाव ऐन रंगात असताना, आत्मारामनं हे मोठ्यानं सांगून टाकलं. त्याच्या एका हातात सुरमई होती आणि दुसरा हात हवेत होता. ज्यांनी ऐकलं त्यांनी वाडीत जाऊन सांगितलं, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांनी जरा वाढवून सांगितलं. दिवेलागणीपर्यंत अख्ख्या वाडीत बातमी पसरली की आत्मारामनं सिंगापूरहून भूत आणलंय, ते डब्यात आहे, आणि उद्या दुपारी तो डबा उघडणार आहे!

डब्याचं तेवढं खरं होतं. आत्माराम मालवाहू बोटीवर खलाशी. परतताना त्यानं एका बंदरात टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र घेतलं होतं. काळा डबा, त्याला लांब वायर आणि वायरीच्या टोकाला हातात धरायचा दांडा. दांडा हलवाल तिकडे पडद्यावरचा माणूस जाणार. खेळ एका इंग्रजी भुताच्या सिनेमावरून काढलेला होता. जुना बंगला, त्यात एक मेलेला चौकीदार कुऱ्हाड घेऊन हिंडतोय, आणि आपण त्या बंगल्यात अडकलोय. सकाळ होईपर्यंत जिवंत राहायचं. वाटेत चुकलेली पोरं दिसली तर त्यांना उचलून एका खोलीत नेऊन ठेवायचं, त्याचे जास्तीचे गुण. चौकीदारानं शिवलं की तुम्ही मेलात!

यात गावाला बोलावण्याचं कारण असं की आत्मारामला बोट सोडायची होती.

यंदा तो एसटीतून उतरला तेव्हा त्याची चार वर्षांची मैना आईच्या पदरामागे लपली आणि तिनं विचारलं, "आये, हे पाव्हणे जेवून जायचे काय?" बायको कमळा हसली, आजूबाजूचे हसले, आत्मारामही हसला. पण मुलीनं आपल्याच बापाला पाव्हणा समजावं, याचं त्याला फार वाईट वाटलं.

सुदैवानं त्याचा शाळेतला मित्र हरिश्चंद्र मुंबईत अशाच खेळांचं दुकान चालवत होता आणि दापोलीत दुसरं काढायच्या विचारात होता. "दुकान माझं, बसायचं तू," त्यानं कळवलं. "पण आपल्याकडच्या लोकांना हे भूत आवडतं का, ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. रविवारी येतो. चार लोक खेळव."

चार लोक! आत्मारामला वाटलं, चार काय, चाळीस आणतो. आणि आणले की हो!

रविवारी दुपारी माजघरात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्या लावून अंधार केला होता. हरिश्चंद्र सफारी घालून खुर्चीवर बसला होता आणि कमळा चहा देऊन देऊन थकली होती. आत्मारामनं डबा जोडला, पडद्यावर बंगला उमटला आणि त्यानं ऐटीत विचारलं, "कोण खेळतंय पहिलं?"

झालं! सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

वर्षभर बाहेर राहिल्यामुळे आत्माराम एक गोष्ट विसरला होता. ज्या गावात शिमग्याला पालखीचा पहिला खांदा कुणाचा यावरून दोन वर्षं देव सहाणेच्या चौथऱ्यावरच बसून राहिला, त्या गावात 'पहिलं कोण' असं विचारायचं नसतं! शेवटी सगळ्यांच्या माना रावजीकडे वळल्या. रावजी गावचे मानकरी. त्यांनी मुंडासं सारखं केलं, पुढे येऊन बसले आणि म्हणाले, "दांडा हिकडं आण."

खेळ सुरू झाला. डाव्या कोपऱ्यात आपला माणूस, म्हणजे एक चौकोन. उजवीकडून चौकीदार निघाला, म्हणजे दुसरा चौकोन, वर कुऱ्हाडीची एक रेघ.

"रावजीकाका, पळा! दांडा डावीकडं!"

रावजींनी दांडा खाली ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा चौकीदार म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं माजघर एका सुरात म्हणालं.

"तू ह्या बंगल्याचा राखणदार. आमी लेकरं वाट चुकून तुज्या हद्दीत आलाव. काय उणंदुणं झालं आसंल तर पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!"

"...आनी तुजा काय मान आसंल तो आत्माराम तुला पोचता करील!"

"व्हय म्हाराजा!" आत्मारामच्याही तोंडून सवयीनं निघून गेलं. तेवढ्यात 'टुंग' असा आवाज झाला, पडदा लखलखला आणि रावजी मेले.

"काका, अहो पळायचं होतं!"

रावजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला आपलं लहानपण आठवलं. "मी? गावचा मानकरी राखणदाराला पाठ दावून पळंल? मंग पालखीफुडं उभा कशा तोंडानं ऱ्हाऊ?"

आता मानकरी पळाले नाहीत म्हटल्यावर बाकीचे पळतील कसे? दुसरा नंबर धोंडूचा. धोंडूनं मुंबईत मूळ सिनेमा पाहिला होता, त्यामुळे तो सकाळपासून तज्ज्ञ झाला होता. त्याला पळायची फार इच्छा होती. त्याचा अंगठा दांड्यावर टेकलाही होता! पण मागे रावजी खाकरले आणि धोंडूनं मुकाट्यानं हात जोडले. टुंग! मग गोदाकाकू. टुंग! मग बाबल्या, मग बाळा. टुंग, टुंग! एकेक जण येई, नमस्कार करी, मरे आणि चहा प्यायला जाई. दशक्रियेला चालावा तसा नुसता रांगेनं कार्यक्रम चालला होता.

हरिश्चंद्र आत्मारामच्या कानाशी लागला. "अरे, हे खेळतायत की दर्शन घेतायत?"

"तू त्यांना विचार ना! मतं विचार!" आत्माराम घाम पुसत म्हणाला.

हरिश्चंद्रनं धोंडूला गाठलं. "कसा वाटला खेळ?"

"गावाला वाटला तसा."

"गावाला कसा वाटला?"

"ते रावजीकाका सांगतील. पन एक हाय," धोंडूनं आवाज खाली आणला, "पिक्चरमधी आसं नव्हतं. पिक्चरमधी एक गोरी बाय होती, केस हितपर्यंत. ती कुठं गेली?"

"तो चौकोन म्हणजे तीच बाई," आत्मारामनं ठोकून दिलं.

धोंडूनं पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "हीच ती?" तो खचलेल्या आवाजात म्हणाला. "काय अवस्था झाली बिचारीची!"

हरिश्चंद्र गोदाकाकूंकडे वळला. "काकू, तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटून काय व्हतंय, रावजीभाऊजी सांगतील तसं. पन काय रे, ह्या पोरांचे आयबापूस कुठं गेलेत? भुताच्या बंगल्यात पोरं एकटी टाकून जातात?"

"बापूस बोटीवर आसंल," मागून बाबल्या म्हणाला, आणि सगळे खदखदून हसले. कमळा हसली नाही. ती कपबश्या घेऊन आत निघून गेली. आत्मारामनं उगाचच वायर तपासली.

मग रावजींनी दुसऱ्यांदा दांडा घेतला आणि इथून पुढे कोण कुठे आहे हेच कुणाला कळेना. झालं असं की त्या खेळात मधेच बंगल्यातले दिवे जातात. तेवढीच भीती जास्त! दिवे गेले की सगळा पडदा काळा होतो आणि अंधारात चौकीदाराची नुसती पावलं ऐकू येतात. ज्यांनी हे बनवलं त्यांना ही मोठी हुशारी वाटली असेल. पण त्यांच्या गावात लाईट जात नसावी.

पडदा काळा झाला मात्र, माजघर एकदम उठलं!

"गेली!"

"चला, लाईट गेली!"

"माजी चप्पल कुठं हाय?"

कमळानं सवयीनं कंदील पेटवून आणला. गोदाकाकू उंबऱ्याबाहेर पोचल्या.

"अहो बसा! लाईट गेली नाही! खेळातली गेलीय!" आत्माराम ओरडला. "तो पंखा बघा वर, फिरतोय!"

सगळ्यांनी वर पाहिलं. पंखा फिरत होता. त्यामुळे गोंधळ आणखीच वाढला.

"खेळातली जाईल कशी?" भागोजी म्हणाला. भागोजी वायरमन. लाईट आपल्याला न सांगता कुठे गेली, याचा त्याला अपमान वाटला होता. "लाईट जाते ती खांबावरनं जाते. मी बघून येतंव." आणि पक्कड घेऊन तो गेलासुद्धा! खांबावर चढला, फ्यूज काढला आणि तो हातात घेऊन निरखत बसला.

इकडे पंखा थांबला.

"आता खरी गेली," आत्माराम हताशपणे म्हणाला.

"आता आमी फसनार न्हाय!" बाबल्या म्हणाला, आणि गेलेले सगळे परत येऊन मांडी घालून बसले. गोदाकाकूंनी तर फुंकर मारून कंदीलही विझवला.

"अहो, टीव्ही बंद आहे!"

"शू! रावजीकाका खेळतायत."

आणि रावजी खेळत होते हो! मिट्ट काळोखात, बंद टीव्हीसमोर, दांडा गरागरा फिरवत होते. अंधारात आपल्याला कुणी पाहत नाही म्हटल्यावर मानकरी पळायला लागले होते. "आलो जिन्यावर... एक पोर उचललं... गेला, गेला, चौकीदार फुडं गेला... दुसरं पोर!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी ही झाली सकाळ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. धोंडूनं शिट्टी मारली. हरिश्चंद्रनं रुमालानं मान पुसली आणि आत्मारामला विचारलं, "मला नीट सांग. मला दिसत नाहीये, की तिथे काही नाहीये?"

एवढ्यात भागोजीनं फ्यूज परत लावला. पंखा सुरू झाला, टीव्हीवर मुंग्या आल्या आणि मग पहिल्यापासून बंगला. रावजींच्या विजयाची कुठे खूणही नव्हती. भागोजी दारात येऊन म्हणाला, "खांबावर सगळं ठीक हाय!"

"मेल्या, माजी जिकलेली बाजी पुसलीस!" रावजी कडाडले.

हरिश्चंद्र उठला. "आत्माराम, माझी एसटीची वेळ झाली. राग मानू नको. इथे दुकान कुणासाठी काढायचं? पळायला कुणी तयार नाही, मत द्यायला कुणी तयार नाही. आणि जिंकले ते टीव्ही बंद असताना."

आत्माराम त्याच्या आडवा आला. रजा संपत आली होती. "एक मिनिट थांब!" तो म्हणाला. "गावाचं जाऊ दे. हिला खेळू दे!"

ही म्हणजे मैना. मघापासून ती दाराला टेकून गाल फुगवून उभी होती, कारण तिची टीव्ही बघायची वेळ या लोकांनी खाल्ली होती. आत्मारामनं तिला पुढे बसवलं, तिच्या हातात दांडा दिला आणि कळवळून म्हणाला, "बाळ, त्या माणसाला वाचव हां."

मैनेनं दांडा डावीकडे दाबला आणि दाबूनच धरला. चौकोन सरकत सरकत दारातून बाहेर पडला आणि अंगण ओलांडून पडद्याच्या अगदी कडेला, जिथे आजवर आत्मारामही गेला नव्हता, तिथे जाऊन टेकला. चौकीदार बंगल्यात येरझाऱ्या घालत राहिला. दिवे गेले, आले. मैनेनं अंगठा उचलला नाही. आणि एकाएकी पडदा उजळला, वाजंत्री वाजली, सकाळ झाली!

चाळिसांत पहिलीच जिवंत राहिलेली!

"शाब्बास!" आत्माराम नाचायचाच बाकी होता. "कुठं नेलंस गं त्याला?"

"बोटीवर," मैना म्हणाली.

"आणि ती पोरं?"

"ती घरात." यात विचारायचं काय, असा तिचा चेहरा होता.

पुन्हा सगळे हसले. या वेळी आत्मारामला हसता आलं नाही. त्याला रडू येईल असं वाटलं आणि चाळीस माणसांत रडायचं नाही म्हणून तो एकदम ओरडला, "मी बोटीवर जाणार नाही! दुकान होवो न होवो! मी इथंच राहणार!"

आणि मग काय सांगू तुम्हाला! दुपारभर ज्या माजघरात रावजींखेरीज कुणाला मत नव्हतं, तिथे प्रत्येकाला एकेक मत फुटलं.

"येडा झालास काय? बोटीवरची नोकरी कोन सोडतं?" हे धोंडूचं.

"ऱ्हाव दे की! पोरीला बापूस नको?" हे गोदाकाकूंचं.

"करनार काय ऱ्हाऊन? सुरमई सुदा नीट पारखता येत न्हाय ह्याला!"

"आंब्याला राखन्या लागतो नं आमच्याकडं, ह्यालाच ठेवू!"

"खांबावर चढतोस काय? मला हाताखाली मानूस होवा," भागोजी म्हणाला.

"गावाचं मत असं..." रावजींनी सुरुवात केली, पण त्यांचं ऐकतंय कोण! 'व्हय म्हाराजा' म्हणायलाही कुणाला सवड नव्हती. हरिश्चंद्र एसटी विसरून परत खुर्चीवर बसला होता आणि म्हणत होता, "अरे, ही मतं मघाशी कुठे होती?"

आत्मारामनं कमळाकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं?"

कमळानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माजं काय," ती म्हणाली. "जिला तुमची सवय न्हाय, तिला इचारा."

तेव्हा आत्माराम टीव्हीकडे पाठ करून मैनेसमोर उकिडवा बसला. गलका थांबला.

"मैना, मी राहू का इथं?"

मैनेनं त्याला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं. मग ती आईकडे वळून म्हणाली, "ऱ्हाऊ दे त्येना. पन टीव्हीच्या आड बसायचं न्हाय."

आत्माराम चटकन बाजूला सरकला.