चिंचेखालचे अहवाल

"शंभर? शंभर तर नुसते वरच्या खणात निघतील!" असं अमृतरावांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, तेव्हा ते कपाट त्यांनी सहा वर्षांत उघडलेलं नव्हतं.

सन छप्पन्नचा दसरा नुकताच झाला होता. एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन वाटे व्हायचे होते. एक मुंबईला, एक म्हैसूरला आणि उरलेला, ज्यात आमचं बोथ होतं, तो आंध्राला. भाऊ वेगळे निघताना भांडी मोजतात, तसं सरकार कचेऱ्या मोजत होतं. बोथच्या 'पाणी व बांधकाम तपास कचेरी'त मोजण्यासारखं फार नव्हतं. एक घड्याळ होतं, ते बंद. एक कपाट होतं, ते कुलूपबंद. आणि एक मुहाफिज, म्हणजे दफ्तर सांभाळणारा कारकून. ते आमचे अमृतराव. अकरा वर्षं ते 'आरजी', म्हणजे तात्पुरते होते. या अकरा वर्षांत निजाम गेला, लष्कर येऊन गेलं, निवडणूक झाली. पण अमृतराव आपले तात्पुरतेच! इतकी टिकाऊ तात्पुरती वस्तू अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नव्हती.

आणि आता वरून हुकूम आला. गणित, इंजिनीअरी आणि भूशास्त्र या तिन्ही शाखांतल्या संशोधनाची फेहरिस्त, म्हणजे यादी, महिनाअखेर तयार ठेवा. नोंदी शंभर भरल्या तर कचेरी कायम आणि मुहाफिजही मुस्तकिल, म्हणजे पक्का. कमी भरल्या तर कचेरी बंद आणि मुहाफिजाची रवानगी 'जिथे गरज असेल तिथे'. हे ठिकाण नकाशावर सापडत नाही. पण तिथं बस जात नाही, एवढं प्रत्येक कारकुनाला ठाऊक असतं.

घरी त्यांची बायको रुख्मिणी भाकरी थापत होती.

"काऊन जी, एकटेच हसून राह्यले?"

"मुस्तकिल होऊन राह्यलो, रुख्मिणी!"

"कपाट उघडून पाह्यलं का?"

"त्यात का पाहाचं? आत ज्ञान हाय."

"ज्ञानाले बी हवा दाखवा लागते म्हणलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलपाला तेल घातलं आणि कपाट उघडलं. वरच्या खणात पुठ्ठे कसे पलटणीसारखे उभे होते. अमृतरावांनी पहिला ओढला. पुठ्ठा आला, संशोधन आलं नाही. दुसरा ओढला, नुसती पिवळी माती सांडली. वाळवी! तिनं गणित म्हणून काही वगळलं नव्हतं, भूशास्त्र म्हणून काही टाकलं नव्हतं. बोथ तालुक्यात तिन्ही शाखांत पारंगत अशी ती एकटीच होती!

सदतीस अहवाल तेवढे वाचले. तेही कपाटाबाहेर होते म्हणून. काही खिडकीच्या फुटक्या तावदानाला लावले होते, काही टेबलाच्या पायाखाली होते, आणि पुलाच्या मजबुतीवरचा एक जाडजूड ग्रंथ माठाखाली गेली आठ वर्षं आपली मजबुती सिद्ध करत होता.

शंभरातून सदतीस गेले, राहिले त्रेसष्ट. अमृतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. मग आठवलं, मागं कोणीकोणी कागद घरी नेले होते. ते तरी परत मिळतील! त्यांनी लगेच दवंडीवाल्या दादाजीला बोलावलं आणि मजकूर पाठ करून घेतला. "ज्याच्याकडे कचेरीचा हिशोबाचा, बांधकामाचा, जमिनीचा कागद असेल, त्यानं आठ दिवसांत आणून द्यावा."

आता दादाजीची एक पद्धत होती. कोरडी दवंडी लोक ऐकत नाहीत, हे त्याला बापापासून ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक दवंडीला तो पदरचं शेपूट जोडायचा. देवीची लस आली तेव्हा त्यानं 'टोचून घ्या' एवढंच सांगितलं नव्हतं. 'टोचलं नाई त्याचं लगन लागणार नाई' हेही सांगितलं होतं. त्या साली सत्तरीचे म्हातारेसुद्धा दंड उघडे करून रांगेत उभे होते!

बाजाराच्या दिवशी डफडं वाजलं. "ऐका होss! ज्याले हिशोबाचं, बांधकामाचं, जमिनीचं काई बी ठाऊक हाय, त्यानं कचेरीत लिहून द्यावं होss! लिवलं नाई, ते नव्या राज्यात चालणार नाई होss!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अमृतराव कचेरीत आले, तर समोरच्या चिंचेखाली जत्रा! त्यांना आनंदाचं भरतं आलं.

"कागद आणले का रे?"

"कागद कायचा जी?" पुढं बसलेला डोमाजी म्हणाला. "डोस्क्यात हाय. मी माती चाखून पाणी सांगतो. तीस वर्सं झाली, एक विहीर कोरडी नाई निघाली. लिवून घ्या बापा. एक तारखेपासून चालणार नाई म्हन्ते तो दादाजी."

अमृतरावांनी दोन तास समजावलं. असं काही नाही, दवंडी चुकली, घरी जा. पण सरकारी माणूस 'काही नाही' म्हणाला की काहीतरी आहे, हे आमच्या भागातलं शेंबडं पोरही जाणतं.

"नाई म्हणून राह्यला म्हणजे यादी भरत आली वाटते!" कोणीतरी ओरडलं. झालं! रांगेत रेटारेटी सुरू. दुपारपर्यंत बारा गावांची माणसं आली.

रुख्मिणी डबा घेऊन आली, तर नवरा टेबलावर डोकं ठेवून बसलेला.

"तुमाले त्रेसष्ट पायजेत ना? भायेर त्याहून जास्ती बसले. मंग रडून काऊन राह्यले?"

"अगं, ते का संशोधन हाय?"

"तीस वर्सं माती खाल्ली त्यानं. तुमच्या कागदवाल्यानं खाल्ली का?"

अमृतरावांनी हुकूम पुन्हा वाचला. 'संशोधन' होतं, 'नोंद' होतं. 'कागद' हा शब्द कुठंही नव्हता! त्यांनी दौतीत टाक बुडवला.

मग काय विचारता! भूशास्त्र, नोंद सात: मृत्तिकेच्या चवीवरून जलशोध, संशोधक डोमाजी. इंजिनीअरी, नोंद एकवीस: ताकाच्या थाळीने जमिनीचा उतार काढणे, संशोधक भागाबाई. ही भागाबाई भाजीचा मळा करायची. पाट काढण्याआधी ती काठोकाठ ताकाची थाळी जमिनीवर ठेवायची; ताक जिकडे सांडेल तिकडे पाणी धावेल. गणित, नोंद बारा: वितीने मोजून राशीचे वजन सांगणे, संशोधक महिपत. एकच माणूस दोनदा लिहिला जाऊ नये म्हणून अमृतरावांनी प्रत्येकाच्या मनगटावर कचेरीच्या शाईनं नोंद क्रमांक उमटवला. त्याचीही चढाओढ लागली! भागाबाईनं चार दिवस उजव्या हातानं भांडी घासली नाहीत. क्रमांक पुसला जाईल ना!

एकोणतीस ऑक्टोबरला हैदराबादहून नरसिंहम साहेब जीपनं आले. गणितात एम.एस्सी., चष्मा जाड, हसू पातळ. यादी पाहिली. शंभर, बरोबर! अमृतरावांनी श्वास सोडला, तेवढ्यात साहेब म्हणाले, "भूशास्त्र का नंबर सात निकालो. पढूंगा मैं."

"साहेब... वो बाहर बैठा है. चिंच के नीचे."

"रिपोर्ट? बाहर बैठा है?"

"तमाखू खा रहा है, साहेब."

अहवाल आत आला. त्यानं रामराम घातला आणि मनगट पुढं केलं. साहेबांनी क्रमांक ताडून पाहिला. मग दाराबाहेर पाहिलं. झाडाखाली अख्खी फेहरिस्त पायावर पाय टाकून बसली होती.

साहेब तापले. उन्हातून आले होते, त्यात हे! समोर भागाबाई थाळी घेऊन प्रात्यक्षिकाला उभीच होती. साहेबांनी थाळी तिच्या हातून घेतली आणि घटाघट रिकामी केली.

"औजार पिऊन टाकलं की जी यानं!" भागाबाई किंचाळली.

ताक पोटात गेल्यावर साहेब जरा थंडावले. "ठीक है. एक को जाँचूंगा. झूठ निकला, तो कचेरी बंद!"

शेजारी सुधाकररावांची धान्याची अडत होती. त्यांच्या अंगणात नव्या ज्वारीची रास होती, उक्ती विकायला काढलेली. म्हणजे नुसत्या नजरेनं ठरवायची. साहेबांनी गणित बाराला, म्हणजे महिपतला, पुढं काढलं आणि स्वतःही टेप लावला. घेर, उंची, सूत्र, चार कागद, अर्धा तास.

"उनतीस मन!" साहेबांनी जाहीर केलं.

महिपत वितीनं मोजत राशीभोवती फिरला. मग त्यानं राशीकडे नाही, सुधाकररावांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं.

"सव्वीस."

"हिसाब गलत है तुम्हारा!"

"नाई सायेब. रास एकोणतीस मणाचीच दिसते. पन दाणे सव्वीस."

"और तीन मन?"

"ते तीन मण सुधाकरराव हायेत."

सुधाकरराव उसळले. "आरे महिप्या, तोंड सांभाळ!" पण तोवर काटा आला होता. अमृतराव डोळे मिटून उभे राहिले. पोतं पोतं भरून मोजलं. सव्वीस मण आणि वर दीड शेर! आणि राशीच्या तळातून निघालं एक भलंमोठं तांब्याचं घंगाळ, पालथं.

"ते... धुवून वाळत घातलं होतं," सुधाकरराव म्हणाले.

चिंचेखालून अशी आरोळी उठली की जीपच्या टपावरची पाखरं उडाली. लोकांनी महिपतला उचललं, महिपतनं अमृतरावांना ओढलं, आणि दादाजीनं सांगितल्यावाचून डफडं वाजवलं. साहेब मात्र घंगाळाकडे टक लावून पाहत होते.

"एम.एस्सी. में ये नहीं था," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी यादीत स्वतःच्या हातानं एकशे एकावी नोंद लिहिली. इंजिनीअरी: पालथ्या घंगाळावर धान्य उभे करणे, संशोधक सुधाकरराव. आणि खाली शेरा मारला: 'सर्व अहवाल सुस्थितीत. वाळवी नाही.'

जानेवारीत नव्या सरकारचा लखोटा आला. कचेरी कायम! अमृतराव मुस्तकिल! त्यांनी पेढे वाटले, घड्याळाला चावी दिली, आणि मग लखोट्यातला दुसरा कागद वाचला. 'दफ्तराची निगा, कलम अकरा: प्रत्येक अहवालास वर्षातून दोनदा ऊन दाखवावे व मुहाफिजाने समक्ष मोजदाद करावी. अहवाल गहाळ वा खराब झाल्यास मुहाफिज जबाबदार राहील.'

तेव्हापासून दर होळी-दसऱ्याला चौसष्ट अहवाल कचेरीच्या अंगणात उन्हाला बसतात. सुधाकरराव सर्वांत आधी येतात. कोणाला ताप आला की अमृतराव काढा घेऊन धावतात. आणि उन्हात बसलेल्या माणसाला उपाशी कसं धाडायचं?

"आधी वाळवी तुमचे अहवाल खात होती," भाकरीची टोपली उतरवत रुख्मिणी म्हणाली. "आता अहवालच आपल्याले खाऊन राह्यले!"

"हळू बोल. हुकूम हाय. अन् पुरतील ना? चौसष्ट भाकरी हायेत म्हणाली होतीस."

गणित बारानं आपल्या जागेवरूनच टोपलीकडे एक नजर टाकली. मग रुख्मिणीच्या तोंडाकडे टाकली.

"बावीस हायेत, वैनी," महिपत म्हणाला. "खाली सूप पालथं हाय."