साळवीकाकांची टकटक

साळवीकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी बेल वाजवली नाही. बोटाच्या पेराने दाराच्या लोखंडी चौकटीवर तीन ठिकाणी टकटक केलं, कान लावला, आणि मी दार उघडताच म्हणाले, "खालच्या बिजागरीपाशी पोकळ वाजतंय हो तुमचं. मी साळवी, चौथ्या मजल्यावर." मग बसण्याआधी त्यांनी बाल्कनीतला गॅस सिलिंडर खिशातल्या टॉर्चने न्याहाळला, त्याच्या बुडाशी पिवळ्या खडूने एक गोल काढला आणि गोलात तारीख घातली. माझी बायको मेधा चहा घेऊन आली तेव्हा पाहुणे जमिनीवर पालथे होते.

हा त्यांचा धंदाच आहे. इथे आखातात, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत साळवीकाका बावीस वर्षं गंज शोधतायत. पाइप कुठे पातळ झाला, टाकीचा पत्रा कुठे खाल्ला गेला ते बघायचं, गोल काढायचा, तारीख घालायची. मूळचे गुहागरचे, त्यामुळे खारी हवा आणि गंज हे लहानपणापासूनचे वैरी. पण गंजाहून त्यांचा जास्त राग रंगावर. "गंज बिचारा प्रामाणिक असतो," ते म्हणतात. "दिसतो तरी. रंग मेला लबाड." समोरच्याने कसलीही गोष्ट सांगायला घेतली, अगदी नव्या सोफ्याचीसुद्धा, की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "ते राहू दे. रंगाखाली काय आहे ते बोला."

आमच्या मंगफच्या इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, अबू करीम. मालक येणार म्हणून एकदा त्याने जिन्याचा कठडा हिरवागार रंगवला होता. काकांनी नाण्याने खरवडून दोन मजल्यांचा गंज उघडा केला. तेव्हापासून काका दिसले की अबू करीम रंगाचा डबा पायाने बाकाखाली सरकवतो आणि "खलास, साल्वी, खलास" म्हणत हात वर करतो. आणखी एकदा कुणीतरी आपल्या मुलीसाठी मुलगा बघायला काकांना सोबत नेलं. काकांनी पोह्यांच्या बशीतून मान वर न करता आपलं वाक्य टाकलं, आणि मुलाने घामाघूम होऊन कबूल केलं की त्याचं दुसरीकडे जमलेलं आहे. त्या मुलीची आई अजून दर दिवाळीला काकांकडे चकल्या पाठवते.

अशा माणसाला मी माझ्या मुलीचा अर्ज आपण होऊन दाखवणार नव्हतो.

रेवाने आयर्लंडमध्ये बी.एस्सी. केलं. तिथे पदवीनंतरही मेडिकलला अर्ज करता येतो, आणि रेवाला लहानपणापासून दुसरं काही व्हायचंच नव्हतं. अडचण गुणांची होती. पहिलं वर्ष उत्तम, दुसऱ्या वर्षी घसरगुंडी, तिसरं कसंबसं सावरलेलं. एकदा नकार येऊन गेला होता. तिने प्रवेशपरीक्षा पुन्हा दिली, ती चांगली गेली. आता आणखी एकदाच अर्ज करायचा, नाहीच जमलं तर एखाद्या लॅबमध्ये नोकरी धरायची, असं तिनेच ठरवलं होतं. उरला होता निबंध. तो भक्कम करायचं काम तिच्या बापाने, म्हणजे बँकेतले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मी, अंगावर घेतलं.

खैरानला आम्ही समुद्रकाठचं शाले, म्हणजे सुट्टीचं घर, भाड्याने घेऊन दोन दिवस लोळलो होतो. तिथे रेवाने दोन रिकाम्या बाटल्या उचलल्या होत्या, त्याचं मी किनारपट्टी संवर्धन केलं. इथल्या मराठी मंडळाच्या रक्तदान शिबिरात तिने बिस्किटं वाटली होती, ते झालं आरोग्यसेवेतलं नेतृत्व. मेधा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. रेवा तिला एकदा डबा द्यायला गेली होती, त्याचाही परिच्छेद झाला. दुसऱ्या वर्षाबद्दल मी लिहिलं, 'नव्या वातावरणाशी जुळवून घेताना आलेली आव्हानं'. वाचून मला माझंच कौतुक वाटलं.

शुक्रवारी सकाळी काका बिजागरीला तेल द्यायला आले. कागद टेबलावरच पडले होते. त्यांनी उभ्याउभ्या सगळे वाचले आणि मग एकेका परिच्छेदावर पेराने टकटक केलं. "इथे पोकळ. इथेही पोकळ. हा तर निव्वळ रंग आहे." गुणपत्रिका हाती लागताच त्यांनी खडू काढून दुसऱ्या वर्षाभोवती पिवळा गोल केला, शेजारी तारीख घातली.

"दुसऱ्या वर्षी वातावरण नवीन कसं झालं हो?"

"अभ्यास कमी पडला," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही विचारलं." ते रेवाकडे वळले. आवाज एकदम खाली आला. "बाय, लोखंड उगाच पातळ होत नाही. रंगाखाली काय आहे ते बोल."

रेवा घरात इंग्रजीतच उत्तरं देते. त्या दिवशी ती मराठीत बोलली. "आजी," ती म्हणाली.

माझी आई सांगलीला वारली तेव्हा रेवाची दुसऱ्या वर्षाची परीक्षा नऊ दिवसांवर होती. आपल्याकडे जे करतात तेच आम्ही केलं. पेपर संपेपर्यंत पोरीला कळू द्यायचं नाही. सांगलीहून मी तिला फोनवर सांगत राहिलो, आजी झोपलीय, आजी देवळात गेलीय. माझं मुंडण दिसू नये म्हणून कॅमेरा बिघडल्याचं सांगितलं. एकदा तर मेधाला शेजारच्या खोलीतून आईसारखं खोकायला लावलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," रेवा म्हणाली. "तन्मयने स्टेटसला आजीचा हार घातलेला फोटो टाकला होता." तन्मय म्हणजे माझा भाचा.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकी मेहनत घेत होतात, बाबा. मम्मा खोकलीसुद्धा. मग मला रडताच येईना. रडले असते तर तुम्हाला कळलं असतं ना, की मला माहीत आहे."

मला माझी एवढी लाज आजवर कधी वाटली नव्हती. मेधा उठून बाल्कनीत गेली. काकांनी खुर्ची ओढली आणि रेवासमोर बसले.

"परीक्षेनंतर काय केलंस?"

तिने सांगितलं ते आम्हाला पहिल्यांदाच कळत होतं. कॉलेजजवळ एक वृद्धाश्रम होता. तिथल्या एका बाईंना दिसत नव्हतं, आणि त्यांच्याकडे कुणी येत नव्हतं. रेवा दर रविवारी जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवायची, नखं कापायची, पायांना तेल लावायची. वर्षभराने त्या गेल्या तेव्हा त्यांचा हात रेवाच्या हातात होता. डॉक्टरांनी त्या बाईंना सगळं खरं आणि सावकाश सांगितलं होतं, ते तिच्या फार लक्षात राहिलं होतं.

"हे अर्जात का नाही?"

"ते अर्जासाठी नव्हतं केलं."

काकांनी टेबलावर टकटक केलं. "हे भरीव आहे," ते म्हणाले. "इथून सुरू कर. आणि बाबांना दाखवू नकोस."

तिने मला दाखवलं नाही. मुलाखत झाली, आणि काही आठवड्यांनी प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. तो शुक्रवार होता. दुपारी मी आणि रेवा पेढे घेऊन चौथ्या मजल्यावर गेलो. काकांचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत ते आईशी फोनवर बोलत होते. त्यांची आई नव्वदीची, गुहागरला धाकट्या भावाकडे असते आणि तिला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू होता.

"सुनंदा काय करते?" आईने विचारलं.

"जमियात गेलीय गो आई, भाजी आणायला. आली की सांगतो."

जमिया म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचं दुकान. काकांची बायको, सुनंदाकाकू, तिथे रोज जायच्या हे खरं, पण दोन वर्षांपूर्वी मुंबईला उपचार चालू असतानाच त्या वारल्या.

काकांनी आम्हाला पाहिलं आणि फोन ठेवला. "तेव्हा आईचं हृदय नाजूक होतं," ते म्हणाले. "म्हटलं, मग सांगू. मे महिन्यात गावी गेलो तर हिला रजा नाही म्हणालो. दोन वर्षं रोज जमियात पाठवतोय तिला." त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर एकच ताट, एकच वाटी उपडी होती.

रेवाने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. "काका, आजींना माहीत असेल तर?" ती म्हणाली. "तुम्हाला कळू नये म्हणून त्या रडत नसतील तर?"

काकांनी बोटाचं पेर भिंतीला टेकवलं, पण वाजवलं नाही. मग त्यांनी पुन्हा फोन लावला.

"आई, सुनंदा जमियात नाही गेली."

पलीकडचा पंखा ऐकू येत होता.

"ठाऊक आहे रे मला," म्हातारी शेवटी म्हणाली. "केव्हाचं ठाऊक आहे. तू जेवलास काय?"

"नाही," काका म्हणाले. रेवा आत गेली आणि तिने कुकर लावला.