संशयास्पद अभिनंदन

आमचे शेजारी लेखापरीक्षक आहेत. जी बलाढ्य कंपनी आपल्याला फुकट मेल वापरू देते ती आपली मेल वाचतेही, हे कळल्यावर त्यांनी स्वतःच्या कुटुंबापुरतं स्वतंत्र टपालखातं स्थापन केलं. सर्व्हर म्हणून जुना संगणक चपलांच्या कपाटात बसवण्यात आला. कपाटावर 'प्रवेश निषिद्ध' अशी पाटी लागली आणि घरच्यांच्या चपला जिन्यात आल्या.

"म्हणजे आता आमची मेल कुणीच वाचणार नाही?" बायकोनं विचारलं.

"कुणीच नाही. व्यवस्थापक सोडून."

"तो कोण?"

"मी."

बायकोची आणि मुलीची जुनी खाती त्यांनी स्वहस्ते बंद केली. मग नव्या पत्त्यांवर फसव्या मेलींचा लोंढा सुरू झाला. तेव्हा नियम निघाला: ज्या मेलमध्ये 'अभिनंदन' हा शब्द असेल, तिला थेट अटक. उगीच कुणी कुणाचं अभिनंदन करत नाही, हा त्यांचा अनुभव. उभ्या नोकरीत त्यांचं एकदाही झालं नव्हतं.

अटकेतल्या मेली तपासणं ओघानंच आलं. मग बाकीच्यांना सूट का, म्हणून सगळ्याच तपासल्या जाऊ लागल्या. निष्कर्ष जेवताना सादर होत.

"मी घोरतो, असं तू बहिणीला कळवलंस. पुरावा जोडलेला नाही. मेल रोखून धरली आहे."

"झोपा की जरा जागं राहून, मिळेल पुरावा!" बायको म्हणाली.

मुलीनं दुसऱ्या शहरात नोकरीसाठी मुलाखत दिली होती. मनासारखी नोकरी होती, पण उत्तर येईना. पोरगी जेवेनाशी झाली. एका दुपारी तिकडून फोनच आला: नेमणुकीची मेल केव्हाच पाठवली आहे, संध्याकाळपर्यंत लेखी होकार आला नाही, तर जागा दुसऱ्याला जाईल.

"बाबा, माझी मेल कुठंय?"

"अटकेत. सुरुवातच 'हार्दिक अभिनंदन'!"

"तुम्ही वाचलीत?"

"वाचली ना. पगार चांगला आहे. म्हणूनच संशय बळावला."

मुलीनं रडत रडत होकार पाठवला. तो तिकडच्या सर्व्हरनं परत धाडला: प्रेषक अनोळखी, मजकूर संशयास्पद.

"हा शुद्ध अन्याय आहे!" लेखापरीक्षक गरजले.

"तिथंही कुणाचे तरी बाबाच बसले असतील," मुलगी म्हणाली.

बायकोनं पदराला हात पुसून फोन पुढे केला. "घे, माझ्या जुन्या खात्यावरून पाठव."

"ते मी बंद केलं होतं!"

"तुम्ही बंद केलंत. मी उघडलं."

होकार पोचला. नोकरी वाचली. लेखापरीक्षक मात्र मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे तू आपण होऊन परक्यांना सगळं वाचू देतेस?"

"वाचेनात का! ते जेवताना विषय तर काढत नाहीत."

मुलगी कामावर रुजू झाली. सर्व्हर अजून कपाटात आहे आणि 'आक्षेपार्ह काही आढळलं नाही' असा अहवाल रोज पाठवतो. लेखापरीक्षक तो त्याच बलाढ्य कंपनीच्या खात्यावर मागवतात. घरच्या सर्व्हरचा काय भरवसा?

आता एकच शंका उरते. परक्या घरातला हा सगळा खासगी पत्रव्यवहार आपण शेवटपर्यंत मिटक्या मारत वाचलात. आपल्याला व्यवस्थापक कुणी नेमलं?